दोनशे दहा, पाचशे आणि मधली एकोणीस वर्षे

विद्युत केंद्राच्या इतिहासाची सुरुवात संचांच्या तक्त्याने करायची प्रथा आहे. ती आधी उरकून घेतो. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच ऑगस्ट १९८३ मध्ये सुरू झाला, दुसरा जुलै १९८४ मध्ये, तिसरा मे १९८५ मध्ये आणि चौथा मार्च १९८६ मध्ये. हे चारही २१० मेगावॉटचे. पाचवा मार्च १९९१ मध्ये आणि सहावा मार्च १९९२ मध्ये आला, दोन्ही ५०० मेगावॉटचे. सातवा, तोही पाचशेचा, ऑक्टोबर १९९७ मध्ये. आठवा आणि नववा २०१६ मध्ये, पुन्हा पाचशेचेच. सगळ्यांची बेरीज ३३४० मेगावॉट. पहिले दोन संच पुढे निवृत्त झाले, तेव्हापासून २९२०.

तक्ता पाहणाऱ्याची नजर मेगावॉटच्या रकान्यावर जाते. मला त्यातल्या तारखांमधली अंतरे जास्त बोलकी वाटतात. पहिले चार संच तीन वर्षांच्या आत उभे राहिले. मग पाच वर्षे काही नाही. सहाव्यानंतर सातव्याला साडेपाच वर्षे लागली आणि सातव्यानंतर आठव्याला तब्बल एकोणीस. संच उभा करायला पैसा आणि यंत्रे लागतात. तो चालवायला कोळसा, पाणी, राख टाकायला जागा आणि वीज वाहून न्यायला वाट लागते. चंद्रपुरात दर विस्ताराच्या वेळी यांतली एखादी गोष्ट मागे राहिली आणि पुढची काही वर्षे ती निस्तरण्यात गेली. उद्घाटनांच्या फोटोंमधून हे कळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कोळसा इथे केंद्राच्या कितीतरी आधीपासून होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्याला सरकारी खाण निघाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला. वरोऱ्याची खाण बंद पडली तसे काम दक्षिणेकडे, बल्लारपूर आणि खुद्द चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, आसपास सरकले. गोंडराजांच्या परकोटाबाहेर महाकालीचे देऊळ, आणि त्या देवीचेच नाव घेतलेली कोळसाखाणही त्याच गावात, अशी ही वस्ती. चैत्रात यात्रेला येणारा मराठवाड्यातला भाविक आणि खाणीत पाळीला जाणारा कामगार एकाच रस्त्याने चालत.

पण खाण होती म्हणून वीज केंद्र आले, इतके ते सरळ नव्हते. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, तेव्हा राज्याची सारी भिस्त कोयनेवर होती. कोयनेची वीज साठच्या दशकात सुरू झाली आणि काही काळ विजेचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. मग १९६७ चा भूकंप झाला, पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. पाऊस रुसला की पाण्यावरची वीजही रुसते, हे मंडळाला नीट समजले. सत्तरच्या दशकात कोराडी, नाशिक, परळी, भुसावळ अशी औष्णिक केंद्रे एकामागून एक उभी राहिली किंवा वाढली ती या अनुभवातून. त्यातली बरीच कोळशापासून दूर होती. तिकडे जाणाऱ्या वाघिणीत शंभर टन माल असला, तर त्यातले पस्तीस-चाळीस टन राखच असते, कारण आपल्या खोऱ्यातल्या कोळशात राखेचे प्रमाणच तेवढे. म्हणजे रेल्वेचे भाडे भरून राख नाशिकला न्यायची आणि तिथे टाकायची. त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशी वीज करून ती तारेने धाडावी, हा हिशेब कारकुनालाही पटणारा होता. १९७३ पर्यंत खाणींचे राष्ट्रीयीकरण पुरे झाले, १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनी आली. कोळसा सरकारचा आणि वीजही सरकारची, अशी जोडी जमली. दुर्गापूर आणि पद्मापूरच्या खाणी हाकेच्या अंतरावर असलेली जागा चंद्रपूरच्या उत्तरेला निवडली गेली.

पाण्यासाठी इरई नदी अडवली. वर्धेला मिळणारी ही नदी काही मोठी नव्हे. पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहणारी आणि उन्हाळ्यात डबक्या-डबक्यांत राहणारी. तिच्यावर मंडळाने केंद्रासाठीच धरण बांधले. त्याच्या फुगवट्याची एक कड थेट ताडोबाच्या जंगलाला जाऊन टेकली. आज मोहर्लीकडून जाणारे पर्यटक ज्या पाण्याकडे पाहून गाडी थांबवायला सांगतात, ते पाणी कंडेन्सर थंड करण्यासाठी साठवलेले आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. चंद्रपूर शहराच्या नळांनाही याच धरणाचे पाणी जाते. एका लहान नदीवर किती जणांनी हक्क सांगायचा, हा प्रश्न धरणाबरोबरच जन्मला. तो पुढे येईलच. धरणासाठी, कारखान्यासाठी आणि राखेच्या बंधाऱ्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरात केंद्राचा इतिहास सातबाऱ्यावरून नाव कमी झाल्याच्या दिवसापासून सुरू होतो. त्यांच्याकडेही परत यायचे आहे.

पहिला संच सुरू झाल्यावर वर्षभराने, ८ ऑक्टोबर १९८४ रोजी, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचे उद्घाटन झाले. तोवर दुसरा संचही वीज देऊ लागला होता. औष्णिक केंद्राच्या बाबतीत हे नेहमीचेच; संच आपल्या वेळेला सुरू होतो आणि पाहुणे त्यांच्या सवडीने येतात. उद्घाटनानंतर तीन आठवड्यांनी, ३१ ऑक्टोबरला, दिल्लीत इंदिराजींची हत्या झाली.

नवा संच उभा राहतो तेव्हा शहराला त्याची पहिली बातमी कानांवाटे मिळते. बॉयलरपासून टर्बाइनपर्यंतच्या वाफेच्या नळ्यांत वेल्डिंगचे कण, गंजाच्या खपल्या, लोखंडाचा चुरा राहिलेला असतो. प्रचंड वेगाने येणाऱ्या वाफेबरोबर त्यातला एखादा कण टर्बाइनच्या पात्यावर आदळला तर पाते गेले. म्हणून टर्बाइन जोडण्याआधी नुसती वाफ त्या नळ्यांतून फुंकून उघड्यावर सोडतात. तिचा गडगडाट कित्येक किलोमीटरवर ऐकू जातो. वाफेच्या वाटेत एक चकचकीत धातूची पट्टी धरलेली असते. फुंकणे झाले की ती काढून तिच्यावर किती खड्डे पडले ते मोजायचे, पुन्हा नवी पट्टी लावायची, पुन्हा फुंकायचे. पट्टी जवळजवळ कोरी निघेपर्यंत दिवस-रात्र हे चालते. कारखान्यात हातात हात देऊन अभिनंदन होते ते त्या कोऱ्या पट्टीवर.

त्यानंतरचा क्षण कंट्रोल रूममधला. टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर आलेले असते. समोर सिंक्रोस्कोपचा काटा हळूहळू फिरत असतो. संचाची वारंवारिता विजेच्या जाळ्याच्या वारंवारितेपेक्षा किंचित पुढे असली की तो घड्याळाच्या दिशेने जातो. काटा बाराच्या अलीकडे पोचला की ब्रेकर टाकायचा. लवकर टाकला किंवा उशीर झाला तर शेकडो टनांचे यंत्र जाळ्याशी झोंबी घेते. पुढे हे काम आपोआप होऊ लागले, पण पहिल्या चार संचांच्या काळातले लोक अजून त्या हाताच्या अंदाजाबद्दल बोलतात, आणि बोलताना त्यांचा उजवा हात आपोआप मुठीसारखा वळतो.

२१० मेगावॉटचा संच त्या काळात मंडळाच्या अंगवळणी पडलेला होता. कोराडीत, नाशिकला, भुसावळला तो चालवलेला. सुटे भाग एकमेकांकडून मागवता येत, आणि एका केंद्रावरचा फोरमन दुसऱ्या केंद्रावर गेला तरी त्याला व्हॉल्व्ह शोधावा लागत नसे. पाचव्या संचापासून पाचशेचा निर्णय झाला तेव्हा हे सगळे बदलले. देशातला पहिला पाचशे मेगावॉटचा संच १९८४ मध्ये टाटांनी तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, सुरू केला होता. त्या मानाने मंडळाला फार उशीर झाला नाही. पण दोनशे दहाचा संच ट्रिप झाला, म्हणजे एकाएकी बंद पडला, तर जाळे ते सोसून जाई; पाचशेचा एकदम गेला की राज्यभर वारंवारितेचा काटा खाली येई, आणि मुंबईहून फोन खणखणे. एका संचाला पूर्ण भारावर तासाला साडेतीनशे टनांच्या आसपास कोळसा लागू लागला. कोळसा हाताळणी विभागाचे, म्हणजे आमच्या भाषेत सीएचपीचे, दुखणे तेव्हापासून वाढले असे जुनी मंडळी सांगतात, आणि ते खरे आहे.

या विभागाविषयी दोन शब्द जास्त लिहिले तर वाचकांनी रागावू नये. स्मरणिकांमध्ये टर्बाइनचे फोटो येतात, सीएचपीचे येत नाहीत. जुलैची एखादी रात्र घ्या. उघड्या खाणीतून आलेला कोळसा भिजलेला, त्यात चिकणमाती मिसळलेली. वाघीण टिपलरवर उलटी केली तरी निम्मा माल तिच्या तळाला धरून बसतो. पट्ट्यावरून बंकरकडे जाताना उतरंडीच्या तोंडाशी तो थापून बसतो आणि वाट बुजते. मग रेनकोटातली चार-सहा माणसे घण घेऊन त्या लोखंडी तोंडावर बाहेरून ठोकत राहतात. आत बसलेला गोळा एकदम सुटला तर खाली उभ्या माणसाला सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून एक जण फक्त लक्ष ठेवायला उभा असतो. वर कंट्रोल रूममध्ये दिसते, की कोळसा दळणारी एकेक मिल उपाशी पडू लागली आहे. ज्योत टिकवायला तेल सुरू करावे लागते, आणि तेलाचा भाव सकाळच्या बैठकीत साहेबांच्या तोंडी येतो. उन्हाळ्यात याच्या उलट. साठ्यातला कोळसा आतल्या आत तापून पेट घेतो, म्हणून बुलडोझरने दाबायचा, पाणी मारायचे, जुना आधी वापरायचा. ठोकणाऱ्यांत आणि पाणी मारणाऱ्यांत ठेकेदारी कामगारच जास्त. केंद्राच्या इतिहासात त्यांची नावे कुठल्या हजेरीपटातून शोधायची, हेच मोठे अवघड आहे.

सात संच झाले तेव्हा क्षमता २३४० मेगावॉट झाली आणि चंद्रपूर हे मंडळाचे सर्वांत मोठे केंद्र म्हणून मिरवू लागले. पण एवढी वीज जायची कुठे? मोठी मागणी मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात, आणि चंद्रपूर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. साध्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून एवढ्या लांब वीज ढकलताना विद्युतदाब सांभाळणे जिकिरीचे होते. एखादी वाहिनी पडली की बाकीच्यांवर ताण येऊन सगळेच डळमळे. त्यावर उपाय म्हणून चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, ±५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी बांधली गेली. तिची क्षमता १५०० मेगावॉट. नव्वदचे दशक संपता संपता ती सुरू झाली. आपल्या जिल्ह्यातच भद्रावतीला त्याच सुमाराला पश्चिम आणि दक्षिण विभागांची जाळी जोडणारे एक हजार मेगावॉटचे एकदिश केंद्रही आले. म्हणजे सातवा संच आला आणि त्याच्या मागोमाग विजेला बाहेर पडायची वाट आली. क्रम उलटा असता तर बरे झाले असते.

या वाहिनीला विदर्भात दुसराही अर्थ आहे. कोळसा आमचा, धूर आमचा आणि दिवे तिकडचे, असे चंद्रपूरच्या चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल. मंडळात आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून राग यावा अशी अपेक्षा असते. मला तो येत नाही. जाळे एकच असते आणि इलेक्ट्रॉनला जिल्हा नसतो, हे तांत्रिक उत्तर बरोबर आहे. पण राख मात्र जिल्ह्यातच राहते.

आता एकोणीस वर्षांची गोष्ट. ऑक्टोबर १९९७ मध्ये सातवा संच सुरू झाला तेव्हा राज्याच्या वीज धोरणाची नजर दाभोळकडे लागली होती. तिथल्या एन्रॉन प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांत त्याच्या दरांवरून बंद पडला. खाजगी वीज येणारच आहे या भरवशावर मंडळाने स्वतःचे नवे संच उभारणे जवळजवळ थांबवले. खापरखेड्याचे तिसरा आणि चौथा हे दोन संच २००० आणि २००१ मध्ये आले, आणि त्यानंतर २००७ मध्ये परळीचा सहावा संच येईपर्यंत राज्याच्या सरकारी केंद्रांत एकाही नव्या औष्णिक संचाची भर पडली नाही. या मधल्या वर्षांत राज्याची मागणी वाढतच होती. त्याचे फळ म्हणजे भारनियमन. खेड्यांत दिवसाचे बारा-चौदा तास वीज नाही, रात्री दोनला मोटार सुरू करायला उठणारा शेतकरी, परीक्षेच्या दिवसांत कंदील. महाराष्ट्रातल्या एका पिढीला हे सांगायची गरज नाही. केंद्राशेजारच्या गावांतही दिवे जात. चिमण्यांच्या सावलीतल्या घरात अंधार, यावर त्या काळी आम्ही कर्मचाऱ्यांनी नातेवाइकांची बोलणी खूप खाल्ली.

६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत काल एकाच कचेरीत बसणारे लोक आज वेगवेगळ्या कंपन्यांच्या पत्रशीर्षांवर एकमेकांना पत्रे लिहू लागले. बोलण्यात मात्र ‘बोर्ड’ हा शब्द गेला नाही. आजही निवृत्त माणूस ‘मी बोर्डात होतो’ असेच सांगतो. महानिर्मितीने मग विस्ताराचा धडाका लावला: परळी, पारस, खापरखेडा, भुसावळ, कोराडी, आणि चंद्रपुरात आठवा व नववा संच. बॉयलर, टर्बाइन आणि जनित्राचे काम भेलकडे गेले.

या दोन संचांचे बांधकाम चालू असतानाच केंद्राला सर्वांत कठीण वर्ष पाहावे लागले. २००९ चा पाऊस देशभर दगा देऊन गेला होता. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाचा साठा तळाला लागला आणि केंद्राचे संच पाण्याअभावी टप्प्याटप्प्याने बंद करावे लागले. औष्णिक केंद्र कोळशावाचून बंद पडते हे लोकांना ठाऊक असते. पाण्यावाचूनही पडते, हे तेव्हा राज्याला कळले. हिशेब साधा आहे. बॉयलरमधली वाफ फिरून फिरून तीच वापरली जाते, तिला पाणी थोडेच लागते. खरे पाणी जाते ते ती वाफ पुन्हा थंड करण्यात. कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश विजेत उतरते. उरलेल्यातला मोठा भाग कूलिंग टॉवरमधून पाण्याच्या वाफेबरोबर आकाशात जातो. २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांसाठी मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. त्या मापाने धरले तरी २३४० मेगावॉटला पूर्ण भारावर दिवसाला दोन लाख घनमीटरच्या जवळपास पाणी लागते. कोयनेच्या पावसाला कंटाळून कोळशाकडे आलेले राज्य चाळीस वर्षांनी पुन्हा पावसाकडेच पाहत बसले होते. परळीत २०१५ मध्ये हेच झाले, अधिक काळ झाले. इरईचे दुसरे रूपही शहराला ठाऊक आहे: २०२२ च्या पावसाळ्यात धरणाची दारे उघडली आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले.

त्याच २०१० च्या जानेवारीत देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देणे केंद्र सरकारने तात्पुरते थांबवले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केलेल्या मापनात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण होते आणि देशात चौथा क्रमांक. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद तेवढे पुढे. एकट्या विद्युत केंद्रामुळे हे झाले असे म्हणणे अन्याय होईल. भोवती खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, कागद गिरणी आहे, कोळशाचे ट्रक दिवसरात्र धावतात. पण सर्वांत उंच चिमण्या आमच्या, त्यामुळे बोट आधी आमच्याकडे वळते, आणि त्यातले बरेचसे योग्यच होते. जुन्या संचांचे धूळ पकडणारे ईएसपी त्या कोळशातल्या राखेपुढे कमी पडत. वसाहतीत दोरीवर वाळत घातलेले कपडे झटकून घेणे आणि गाडीच्या टपावर बोटाने नाव लिहिणे, हे ऊर्जानगरच्या मुलांच्या लहानपणाचा भाग होते. डिसेंबर २०१५ मध्ये धूळ, गंधक आणि नायट्रोजनच्या वायूंसाठी नव्या मर्यादा जाहीर झाल्या. गंधकाच्या बाबतीत देशभर त्यांच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्या गेल्या.

राखेचा हिशेब याहून जड आहे. २९२० मेगावॉट पूर्ण भारावर चालले तर दिवसाला सुमारे पन्नास हजार टन कोळसा जळतो, म्हणजे मालगाडीचे बारा-तेरा रेक. त्यातून सतरा-अठरा हजार टन राख निघते. जाड राख भट्टीच्या तळाशी पडते, बारीक राख ईएसपीत अडकते. पूर्वी दोन्ही पाण्यात कालवून नळांनी राखेच्या बंधाऱ्यात सोडत. नळ फुटला की शेजारच्या शेतात राखाडी चिखल, आणि मग पंचनामा, नुकसानभरपाईचे अर्ज, बैठका. १९९९ च्या अधिसूचनेनंतर राख विकण्याची आणि देण्याची सक्ती आली. या जिल्ह्याचे एवढे बरे, की घुग्घुस, आवारपूर, उपरवाहीला सिमेंट कारखाने जवळच आहेत. कोरडी बारीक राख त्यांच्या कामाची. तरी बंधारा रिकामा झाला असे कधी झाले नाही.

आठवा आणि नववा संच अखेर २०१६ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले, आणि इथे काळाने थोडी गंमत केली. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांची घाई होती, ते संच आले तेव्हा राज्यात विजेची टंचाई राहिली नव्हती. खाजगी केंद्रांशी दीर्घ मुदतीचे करार झाले होते, सौर वीज येऊ लागली होती. कुठला संच चालवायचा हे आता ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र ठरवते, स्वस्त वीज आधी या क्रमाने. ज्याची वीज महाग त्याला ‘राखीव बंद’चा निरोप येतो. संच तयार, माणसे हजर, कोळसा साठ्यात, आणि काम बंद. जुन्या लोकांना हे पचायला जड गेले. चंद्रपूरला खाणी जवळ असल्याचा फायदा या क्रमवारीत मिळतो, आणि सत्तरच्या दशकातला खाणीच्या तोंडाशी केंद्र बांधायचा हिशेब अजून कामाला येतो. त्याच सुमारास पहिले दोन संच निवृत्त झाले. त्यांचा फारसा समारंभ झाला नाही.

विस्ताराचा जमीनधारकांशी झालेला हिशेब मात्र पुरा मिटलेला नाही. प्रत्येक टप्प्याबरोबर प्रकल्पग्रस्तांची एक नवी यादी झाली, आणि नोकरीच्या आश्वासनाचे एक नवे कलम. पहिल्या टप्प्यातल्यांपैकी अनेकांना नोकऱ्या लागल्या. त्यांची मुले आज याच केंद्रात अभियंते आहेत. पुढच्या टप्प्यांत यंत्रे मोठी झाली आणि माणसे कमी लागू लागली, तेव्हा प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यायचे आणि कायम कधी करायचे यावर वर्षे गेली. २०२१ मध्ये काही प्रकल्पग्रस्त केंद्राच्या चिमणीवर चढून बसले आणि मागणीकडे सगळ्या राज्याचे लक्ष वेधले गेले. त्या दिवशी खाली उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांतही प्रकल्पग्रस्तांची मुले असणार, हे या केंद्राचे वैशिष्ट्य.

आणखी एक शेजारी सांगायचा राहिला. धरणाची कड जंगलाला लागली तशी राखेच्या बंधाऱ्याभोवती वेडी बाभूळ माजली, रानडुकरे आली आणि त्यांच्यामागे वाघ-बिबटे. सुरुवातीला कारखान्याच्या आवारात वाघ दिसला ही कौतुकाची बातमी असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कामावरून घरी परतणाऱ्या एका कामगाराचा आवारातच वाघाने बळी घेतला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापूरला बिबट्याच्या हल्ल्यात एक मुलगा गेला. तेव्हापासून झुडपे तोडणे, दिव्यांचे खांब आणि रात्रपाळीची ने-आण या विषयांवर कामगार संघटना आणि वन विभाग यांच्यात बैठका होतात. औष्णिक केंद्राच्या सुरक्षा पुस्तिकेत वाघावर प्रकरण असणारी केंद्रे देशात फार नसावीत.

सध्याचा विस्तार मेगावॉटचा नाही. सौर वीज दुपारी भरभरून येते, तेव्हा कोळशाच्या संचांनी खाली बसायचे आणि सूर्य कलला की झपाट्याने वर यायचे, अशी नवी अपेक्षा आहे. पूर्वी संचाला पूर्ण भारावर महिनोन्‌महिने ठेवणे हीच कर्तबगारी समजली जाई. किती दिवस न थांबता चालला याचे फलक लागत. आता ५५ टक्क्यांपर्यंत उतरणे नेहमीचे झाले आहे आणि केंद्रीय नियम ४० टक्क्यांकडे बोट दाखवत आहेत. भार इतका खाली गेला की ज्योत अस्थिर होते, नळ्या वारंवार तापून-थंडावून थकतात, गळती वाढते. १९८५-८६ चे तिसरा आणि चौथा संच हे किती काळ सोसतील, याची चर्चा देखभाल विभागात रोज चालते. पाचव्या-सहाव्याच्या कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या मुलांना आता दोन निरोपांची सवय झाली आहे: सकाळी दहाच्या पुढे भार उतरवा, आणि संध्याकाळी पाचच्या आसपास चढवा. उतरवताना मिल कुठली आधी बंद करायची, यावर पाळीत वाद होतात आणि दर पाळी आपलीच पद्धत बरोबर म्हणते.